सुकेशनीची डिग्री वरची की खालची

झरी, जि. परभणी
रविवार, दुपार

आदरणीय अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा जय भीम. दाजींनाही जय भीम, पण तो त्यांच्या उजव्या कानाशी सांग. मागच्या खेपेला मी डाव्या कानाशी त्यांची तब्येत विचारली, तर त्यांनी मला नांदेडच्या गाडीची वेळ सांगितली होती. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे रोहिणीच्या व्हॉट्सॲपवरून कळलं. (तुझी सून न्यूझीलंडात नर्सची नोकरी करून नागपुरातल्या डोळ्याची खबर झरीला देते, आणि इथं मागच्या गल्लीत कोणाचं बारसं झालं ते मला दोन दिवसांनी कळतं.) डोळ्यावरची पट्टी निघाली असेल असं धरून लिहायलोय. निघाली नसेल तर हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको. उशीखाली ठेव आणि पट्टी निघाली की स्वतः वाच.

आमी सगळे इकडं खुशाल. तुझ्या भावजयीचे, सुलाबाईचे गुडघे आहेत तसेच आहेत, फक्त आधी उजवा दुखायचा, आता डावा त्याला साथ द्यायला लागलाय. मी जेवतो, फिरतो, पेपर वाचतो. तू म्हणशील, एवढं सांगायला फोन होता की. होता. पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस आणि माझं बोलणं तुझ्या सगळ्या मजल्याला ऐकू जातं, ही एक गोष्ट. दुसरी अशी की विषयच इंग्रजी अक्षरांचा आहे. फोनवर बी सांगितलं तर समोरच्याला डी ऐकू येतं, एन सांगितलं तर एम. अशा अक्षरांनीच गेला महिनाभर माझं डोकं फिरवलंय. म्हणून कागद घेतला. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेल्या माणसानं आपल्या सख्ख्या बहिणीला कधीतरी पत्र टाकलं तर त्यात गैर काही नाही.

तर सुकेशनीची गोष्ट. तुला माहीतच आहे, पोरगी बारावीनंतर तीन वर्षांच्या जीएनएमला गेली. त्याचा पूर्ण अर्थ मी तेव्हा पाठ केला होता, जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, आणि गावात विचारणाऱ्याला न अडखळता सांगत होतो. मग तिनं परभणीत एका खाजगी दवाखान्यात नोकरी धरली. आमी म्हणलं, झालं, शिक्षण संपलं. तर एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी पोस्ट बेसिक करणार." मी लगेच हो म्हणलं. ज्या शब्दात पोस्ट आहे त्याला मी कसा नाही म्हणू? काय असतं ते नंतर विचारलं. ती म्हणाली, ज्याची मुळात जीएनएम झालेली असते त्यानं वर आणखी दोन वर्षं शिकायचं, मग बी.एस्सी. नर्सिंग होतं. हे मला ती बोलत होती तोवर नीट कळलं होतं. ती आत गेली आणि गेलं. गावाला तर तेवढंही कळलं नाही. पोस्टमास्तरची पोरगी, आणि डिग्रीचं नाव पोस्ट बेसिक! जो तो मला थांबवून विचारायचा, मास्तर, तुमच्या खात्याकडून मिळाली का हो सीट? मी नाही म्हणायचो. लोक डोळा मारून पुढं जायचे. पारावर तर असं पक्कं झालं की रिटायर होताना पोस्टखात्यानं मला घड्याळ द्यायच्या ऐवजी पोरीला डिग्री दिली.

आता ती पास झाली, आणि गंगाखेडहून स्थळ आलं. मुलगा सिद्धोधन, नाकीडोळी नीटस, परभणीतच एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स. होय अक्का, मुलगाच नर्स आहे. आमची सुलाबाई आधी बिचकली, पण सुकेशनी म्हणाली, निदान नाइट ड्युटी काय असते ते नवऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. मला ते पटलं. फोनवर त्याचा बायोडाटा आला. सगळं छान होतं, पण शिक्षणापुढं लिहिलेलं होतं, 'बी.एस्सी. नर्सिंग' आणि कंसात 'बेसिक'. तो कंस बघून मी चष्मा पुसला. सुलाबाईनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि जागच्या जागी निकाल दिला, "बेसिक म्हंजे साधं. आपली साध्याच्या फुडची हाय. पोरगं कमी शिकल्यालं दिसायलंय."

मला एकदम असं ठरवणं बरं वाटेना. आपल्या मुंजाजीला विचारावं म्हणून शेतात गेलो. (मुंजाजी तुला आठवत असेल. शाळेत माझ्या बाकावर असायचा, आता सोयाबीन आणि हळद करतो, आणि गावात कोणाला काही अडलं की पहिला सल्ला त्याचा असतो.) तो स्प्रिंकलरचा पाइप जोडत होता. ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, लय सोपं हाय की. प्रीपेड आन् पोस्टपेड. बेसिकवाल्यानं आधी पैसे भरले, मग शिकला. पोस्टवाली आधी शिकायली, बिल मागून येणार." मी म्हणलं, फी तर मी दरवर्षी आधीच भरली की रे. तर तो गंभीर झाला आणि म्हणाला, "मग पावत्या जपून ठेव. डबल बिल लावतेत हे लोक." अक्का, मी घरी येऊन खरोखर पावत्या शोधल्या. सगळ्या सापडल्या, पण शोधताना सुलाबाईचं कपाट असं उसकटलं गेलं की दोन दिवस मला चहा मागायची हिंमत झाली नाही.

मग म्हणलं, जाणकार माणूस गाठावा. परभणीला बस स्टँडच्या मागं एक शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र आहे. आत गळ्याला टाय बांधलेला एक तरुण फळ्यापुढं बसला होता. मी विषय काढला आणि त्यानं खडू उचलला. सगळ्यात खाली एएनएम लिहिलं, गावात लस टोचायला बाई येते तिचा कोर्स. त्याच्या बाजूला जीएनएम. मग बारावीपासून एक बाण थेट वर काढला, त्याच्या टोकाला बेसिक बी.एस्सी. मग जीएनएमपासून दुसरा बाण, त्याच्या टोकाला पोस्ट बेसिक बी.एस्सी. पुढं त्या दोन्हीकडून दोन बाण निघून एकाच एम.एस्सी.त शिरले. इथवर मी पाय रोवून उभा होतो. पण नंतर तो देशाबाहेर गेला. म्हणाला, काका, बाहेर कुठं बीएसएन म्हणतात, कुठं बीएन म्हणतात, कुठं बीएस्सीएन, आणि आपल्याकडं काही ठिकाणी बी.एस्सी. ऑनर्स पण असतं. मी विचारलं, बीएसएन आणि बीएन यांत फरक काय? तो म्हणाला, एकात सायन्स शब्द आहे, दुसऱ्यात नाही, बाकी दोन्हीही नर्सिंगचीच पदवी. मी विचारलं, मग तो सायन्स गेला कुठं? आणि आमच्या अक्काची सून नागपूरहून सायन्स घेऊन न्यूझीलंडला गेली, तिथल्या बायका बीएनवाल्या, तर तिच्या जवळच्या सायन्सचं तिथं काय करतात? तो म्हणाला, काही करत नाहीत काका, कागद तपासतात, तिथली नोंदणी देतात आणि कामावर घेतात. मी म्हणलं, बरं, ते राहू द्या, फळ्यावरच्या या दोन बाणांत वरचा कुठला तेवढं सांगा. त्यानं माझ्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं आणि पंखा वाढवला. म्हणाला, तुम्हाला घाम यायलाय, जरा बसा.

येताना गाडीत मी सगळे बाण मनात परत काढून बघितले. पेडगावच्या एका ओळखीच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं, त्यालाही समजावून सांगितलं. तो पुढच्याच थांब्यावर उतरला. तिकीट मात्र त्यानं माझ्यासारखंच झरीचं काढलं होतं.

आता खरा प्रसंग. मागच्या रविवारी गंगाखेडचे पाहुणे आले. तिघं होते, सिद्धोधन, त्याचे वडील सुगतराव आणि त्याची आत्या कडूबाई. पोराची आई तो लहान असताना वारली, आत्यानंच वाढवला. त्यामुळं त्या घरात शब्द कडूबाईचा चालतो आणि सुगतराव मान हलवतात. सुगतराव दारातून आत आले, जय भीम म्हणाले, कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि त्यानंतर तासभर मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही. सुलाबाईनं पोहे करून झाकून ठेवले होते. पण कडूबाईनं बसल्या बसल्या जाहीर केलं, "आधी बोलू, मंग खाऊ." तिच्यापुढं बशी सरकवायची कोणाची छाती झाली नाही. पोरांना म्हणलं, तुमी मागच्या अंगणात जाऊन दोन शब्द बोला. दोघं गेले. इकडं कडूबाईनं पदर खोचला.

"एक इचारते मास्तर, राग धरू नका. तुमच्या पोरीची डिग्री पोस्टानं आल्याली हाय म्हणे?"

मी म्हणलं, "पोस्टानं म्हणजे?"

"म्हंजे घरी बसून. पुस्तकं पोस्टानं यायलीत, पेपर पोस्टानं जायलेत. आन् तुमी त्याच खात्यात. आमाला तुमच्या गावातूनच कळलं."

अक्का, पारावरची बातमी गंगाखेडपर्यंत पोचली होती. एवढ्या वेगानं मी नोकरीत असताना तारसुद्धा पोचवली नाही. माझं डोकं तापलं. मार्गदर्शकाचे बाण, मुंजाजीचं बिल, सुलाबाईचा निकाल, सगळं एकदम तोंडात आलं आणि त्यातलं नेमकं जे म्हणायला नको ते बाहेर पडलं. मी म्हणलं, पोस्ट म्हणजे नंतरचं, पोस्ट ग्रॅज्युएट असतं तसं. बेसिकच्या वरचं. तुमच्या पोराचं बेसिक, आमच्या पोरीचं त्याच्या वरचं.

कडूबाई उभीच राहिली. "म्हंजे आमचा पोरगा खालचा?"

मी म्हणलं, खालचा असं नाही, पायाचा. पाया चांगला असावा लागतो. (हे मी सावरून घ्यायला म्हणलं होतं.) कडूबाई म्हणाली, "चार वर्षं सलग शिकला त्यो! एक दिवस खाडा न्हाई. आन् तुमी त्याला पाया म्हणायलात?" आतून सुलाबाई म्हणाली, "आमची बी कुठं बसून होती? तीन आन् दोन, पाच झाले!" कडूबाई म्हणाली, तुकड्यातुकड्यानं शिकणं येगळं आन् सलग शिकणं येगळं. सुलाबाई म्हणाली, मधी नोकरी कोणी केली? असा पाढा चालू झाला आणि कोणी कोणाचं ऐकेना. पोहे झाकणाखाली गार होत होते. मी सुगतरावांकडं बघितलं. ते आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुढचा महिना बघत होते.

बोलता बोलता कडूबाईचा आवाज बसला. मला वाटलं, पटायला लागलं. पण ती खुर्चीचा हात चाचपत खाली बसली, कपाळावर घामाचे थेंब, आणि शब्द एकमेकांत अडकायला लागले. "बेसिक... पोस्टाचं... बस कवा हाय?" असं काहीतरी म्हणाली आणि मान एका बाजूला टाकली. सुलाबाईनं हाक मारली. मी पाण्याकडं धावायच्या ऐवजी का कोण जाणे पावत्यांकडं धावलो. सुगतराव उठले आणि तिथंच उभे राहिले.

मागच्या दारातून दोघं पोरं आत आली ती पळतच. सुकेशनीनं कडूबाईच्या हाताला हात लावला. सिद्धोधन वाकला आणि म्हणाला, "सकाळी शुगरची गोळी घेतली आणि खाल्लं काहीच नसणार. आत्या, ऐकू येतंय का? गिळता येईल?" कडूबाईनं हूं केलं. सुकेशनी तोवर स्वयंपाकघरात जाऊन साखरेचं पाणी ढवळत परत आली. "ब्रदर, मान धरा." "धरली. सिस्टर, हळू, घोट घोट." "ब्रदर, पल्स?" "फास्ट आहे, पण ठीक आहे. सिस्टर, अजून थोडं." पेला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला, मध्ये कोणी मागितला नाही की कोणी सांगितलं नाही. मी उंबऱ्यात पावत्यांची पिशवी धरून उभा. अक्का, त्या वेळी मला खरंच सांगता आलं नसतं की त्यातले कुठले हात चार वर्षांचे आणि कुठले तीन अधिक दोनचे. मी बघत होतो, पण कळेना.

थोड्या वेळानं कडूबाईच्या डोळ्यांत ओळख आली. आमी सगळे तिच्याकडं वाकून बघत होतो, आता ही काय बोलते म्हणून. ती आधी सुकेशनीकडं बघत राहिली, मग सिद्धोधनकडं, आणि एकदम कपाळाला हात लावून म्हणाली, "गेलं! ह्यो तिला सिस्टर म्हणायला, ती त्याला ब्रदर म्हणायली. भाऊ-बहीण झाले की गं बाई! आता लगीन कसं व्हायचं?"

पोरं लाल झाली. सुकेशनी म्हणाली, आत्या, दवाखान्यात सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात. कडूबाईला पटेना. तिचं म्हणणं, दवाखान्यात म्हणा, पण पाहुण्याच्या घरात, सगळ्यांच्या देखत म्हणलं, मोडायचं कसं? सुलाबाईलाही शंका आली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तेव्हा कोपऱ्यातून सुगतरावांनी घसा खाकरला.

"मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर व्हतो," ते म्हणाले. "गाडीत चढणाऱ्या समद्या बायांना ताई म्हणलो. ह्याची माय बी त्याच गाडीनं यायची. तिला बी ताईच म्हणलो व्हतो. तिकीट देऊन."

एवढं बोलून ते परत कॅलेंडरकडं वळले. आधी सुकेशनी हसली. मग सुलाबाई. मग कडूबाईनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे थांबेनात. शेवटी तीच म्हणाली, "पोहे आणा गं ते, गार झाले तरी आणा." गार पोहे आमी सगळ्यांनी दोन दोनदा खाल्ले. कडूबाईचे तर सुकेशनीनं बशीत घालून समोर बसून संपवून घेतले. तिचं म्हणणं पडलं, पोरगी करडी हाय, घरात असावी अशी.

जाताना मी मुलाला बाजूला घेतलं आणि विचारलं, बाबा, खरं सांग, तुझी डिग्री वरची की तिची? तो म्हणाला, "काका, मी बारावीनंतर थेट आलो, त्या नोकरी करून आल्या. माझं रजिस्टरला नाव नर्स म्हणून, त्यांचंही नर्स म्हणूनच. रात्री वॉर्डात एकट्यानं राहायची वेळ आली तर मी त्यांच्यावर वॉर्ड सोडीन, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे." मला ते आवडलं. पण वरची की खालची ते त्यानंही सांगितलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावर कडूबाईनंही खिडकीतून तेच विचारलं. एकूण स्थळ पक्कं झालं, तारीख तुझा डोळा बरा झाला की काढू, आणि मी जिथं होतो तिथंच आहे. मुंजाजीला सगळा प्रकार सांगितला तर तो म्हणतो, साखरेचं पाणी कोणाच्या रिचार्जवर गेलं ते आधी बघ.

दाजींची काळजी घे. डोळ्यात औषधाचे थेंब वेळेवर टाकत जा, आणि टाकल्यावर लगेच टीव्ही लावू नको. सुलाबाईचा तुला जय भीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
भगवान

ता.क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. पोरं मागच्या अंगणात काय बोलत होती ते पाहुणे गेल्यावर सुकेशनीनं सांगितलं. लग्न झालं की दोघंही रोहिणीकडं न्यूझीलंडला अर्ज करणार आहेत. ती बोलत होती आणि मी फाटक लागलंय का बघायला बाहेर गेलो. फाटक लागलेलं होतं. तरी तिथं बराच वेळ उभा होतो. तर अक्का, माझी विनंती अशी. ही एवढी नावं आहेत, बेसिक, पोस्ट बेसिक, बीएन, बीएसएन, ऑनर्स. एवढ्यांत एखादं तरी असं असेल की ज्याला तिकडं घेत नाहीत. तसं असेल तर रोहिणीकडून गुपचूप काढून घे आणि सुकेशनीला पत्र लिही की तुझं तेच आहे. तुझ्यावर तिचा विश्वास आहे, माझं ती कशाला ऐकेल, मला तर फरकच कळत नाही हे तिला माहीत आहे. कायमचं नको. निदान सुलाबाईच्या गुडघ्यांचं काही होईपर्यंत.

ता.क. दुसरा. सुलाबाईनं आपला निरोप नीट लिहिलाय का बघायला पत्र घेतलं आणि वरच्या ता.क.पर्यंत वाचलं. पत्र माझ्यापुढं ठेवलं. मग म्हणाली, "पोरगी माझी बी हाय. माझे गुडघे कशाला आणायलात मधी? खोडा ते." मी खोडायला घेतलं, पण बॉलपेन आहे, खोडलं तरी वाचता येईल, म्हणून तसंच ठेवलं. वाच, पण त्याप्रमाणं काही करू नको. सुकेशनीची डिग्री जी असेल ती चालते असंच रोहिणीला लिहायला सांग. आणि तिला विचार, तिकडं विमानानं ज्वारीचं पीठ नेऊ देतात का, आणि देत असतील तर किती. हे मात्र तिनं सोप्या मराठीत आणि स्पष्ट लिहावं. यात मला गोंधळ नको.